सही सातासमुद्रापलीकडची, जमीन गावची

आपल्या समाजाचा आणि सरकारी कागदाचा संबंध जुना आहे, आणि तो फारसा गोड नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी कागदांवर अंगठे उठवले. त्या कागदात काय लिहिले आहे ते त्यांना कुणी वाचून दाखवले नाही, आणि दाखवले तेव्हा खरे दाखवलेच असे नाही. सावकाराच्या वहीतल्या आणि चावडीवरच्या कागदांवरच्या अशा अंगठ्यांनी किती घरे बसली, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले. आपल्यासमोर ठेवलेला कागद आपल्याला वाचता यावा, हाही त्या सांगण्याचा एक अर्थ होता.

आज त्याच आजोबांची नातवंडे अमेरिकेत, इंग्लंडात, ऑस्ट्रेलियात आहेत. कुणी राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर गेला, कुणी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर, कुणी नोकरीसाठी गेला आणि तिथलाच नागरिक झाला. मागे गावी घर आहे, वडिलांच्या नावाची जमीन आहे, म्हातारी आई आहे. वडील गेले की कागदांचा प्रश्न उभा राहतो. मग गावाहून फोन जातो : "ताई, आता तिकडे घरबसल्या नोटरी होते म्हणे. उगाच विमानाचे तिकीट कशाला? तेवढे करून पाठव की!"

घरबसल्या नोटरी होते हे खरे आहे. पण ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे माहीत नसल्यामुळे घराघरांत पैसे, वेळ आणि कधी कधी भावाबहिणींचे नातेही खर्ची पडते. म्हणून या आठवड्यात कुटुंब पानावर हा विषय घेत आहोत.

पडद्यासमोरची नोटरी

अमेरिकेतली नोटरी आणि आपल्याकडची नोटरी यांत मोठा फरक आहे. आपल्याकडे १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नोटरी होण्यासाठी साधारणपणे दहा वर्षे वकिली केलेली असावी लागते. अनुसूचित जाती-जमातींच्या वकिलांना ही अट सात वर्षांची आहे, ही गोष्ट आपल्या तरुण वकिलांनी जरूर ध्यानात ठेवावी. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी नोटरी वकील असावा लागत नाही. तो बँकेतला कारकून असू शकतो किंवा दुकानदारही असू शकतो. समोरचा माणूस तोच आहे ना आणि तो राजीखुशीने सही करतो आहे ना, एवढेच तो पाहतो. कागदात काय लिहिले आहे, त्याने तुमचे भले होणार की नुकसान, हे पाहणे त्याचे काम नव्हे. नोटरीचा शिक्का बसला म्हणजे कागद कायद्याने पक्का झाला, असे समजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

ऑनलाईन नोटरीची सुरुवात २०१२ साली व्हर्जिनिया राज्याने केली. २०२० च्या कोरोनाच्या साथीत माणसे घरात कोंडली गेली तेव्हा तिचा प्रसार वाढला, आणि आज अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तसा कायदा आहे. रीत अशी : सही करणारा संगणकासमोर बसतो. नोटरी आपल्या राज्यात, दुसऱ्या पडद्यासमोर बसलेला असतो. सही करणारा आपले ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरतो आणि ते खरे की खोटे हे यंत्र तपासते. मग त्याच्याच पूर्वायुष्यातले चार-पाच प्रश्न पडद्यावर येतात. अमुक साली तुम्ही कोणत्या पत्त्यावर राहत होता, गाडीचे कर्ज कोणत्या कंपनीचे होते, अशा धर्तीचे. साधारण दोन मिनिटांत पाचपैकी चार उत्तरे बरोबर द्यावी लागतात. मग पडद्यावरच सही, पडद्यावरच शिक्का. साऱ्या प्रकाराचे चित्रण होते आणि ते काही वर्षे जपून ठेवावे लागते. व्हर्जिनियात पाच, इतर अनेक राज्यांत दहा. व्हर्जिनिया, फ्लोरिडासारख्या राज्यांत नोटरीची कमाल फी २५ डॉलर ठरवून दिलेली आहे.

वरवर पाहता सोपे काम आहे. अडचण पुढे येते.

एक कुटुंब, दोन पासपोर्ट

समजा, सातारा जिल्ह्यातले एक कुटुंब आहे. वडील वारले. आई गावी, मधला मुलगा पुण्यात. थोरली मुलगी न्यू जर्सीत असते, तिने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे. धाकटा मुलगा टेक्सासमध्ये शिकतो, त्याच्याजवळ भारताचाच पासपोर्ट आहे. गावच्या घराच्या कामासाठी दोघांनी पुण्याच्या भावाला कुलमुखत्यारपत्र द्यायचे ठरले.

धाकटा आधी पडद्यासमोर बसला. त्याचा भारतीय पासपोर्ट अमेरिकेत परदेशी पासपोर्ट ठरतो. परदेशी पासपोर्टाबाबत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. फ्लोरिडात, उदाहरणार्थ, त्यावर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा शिक्का असावा लागतो. पासपोर्ट चालला तरी पुढचे प्रश्न अडवतात. ते प्रश्न निघतात माणसाच्या अमेरिकेतल्या कर्जाच्या, घराच्या, गाडीच्या नोंदींतून. वर्षभरापूर्वी आलेल्या विद्यार्थ्याच्या नावावर अशा नोंदीच नसतात. मग यंत्र प्रश्नच काढू शकत नाही. मुलगा खरा, पासपोर्ट खरा, तरी ओळख पटत नाही.

थोरलीचे मात्र सारे सुरळीत पार पडते. अमेरिकेचा पासपोर्ट आहे, वीस वर्षांच्या नोंदी आहेत. दहा मिनिटांत शिक्का बसतो आणि कागद संगणकावरून पुण्याला येतो. भाऊ त्याची छापील प्रत काढून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो आणि हात हलवत परत येतो.

का? याचे उत्तर आपल्याकडच्या कायद्यांत आहे. संगणकावरच्या कागदांना आणि सह्यांना मान्यता देणारा आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत काही कागद मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. मृत्युपत्र बाहेर आहे, न्यासाचा कागद बाहेर आहे आणि कुलमुखत्यारपत्रही बाहेर आहे. २०२२ साली त्यात थोडी सूट दिली गेली, पण ती बँका, विमा कंपन्या अशा, रिझर्व्ह बँक किंवा तत्सम नियामकांच्या देखरेखीखालच्या संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रांपुरती. भावाला दिलेले मुखत्यारपत्र त्या सुटीत बसत नाही. घरजमिनीच्या कामासाठी शाईची सही असलेला मूळ कागदच हवा, असे धरून चालावे.

मग चालते काय?

नोंदणी कायदा १९०८ चे कलम ३३ याबाबत स्पष्ट आहे. लिहून देणारा भारताबाहेर राहत असेल तर त्याने कुलमुखत्यारपत्र नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारताचा कॉन्सुल यांच्यापैकी कुणासमोर तरी करावे आणि त्यांनी ते प्रमाणित करावे. व्यवहारात त्याचे दोन रस्ते होतात.

पहिला रस्ता भारतीय वकिलातीचा. धाकट्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना हा सरळ पडतो. दुसरा रस्ता नोटरी आणि अपोस्टिलचा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना बहुधा हाच सांगितला जातो. अपोस्टिल म्हणजे त्या नोटरीचा शिक्का व सही खरी असल्याचा सरकारी दाखला. १९६१ च्या हेग करारातून ही पद्धत आली आणि भारतासाठी हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. अमेरिकेत नोटरी ज्या राज्याचा असेल त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून अपोस्टिल मिळते. न्यूयॉर्कमध्ये त्याआधी कौंटी क्लार्कचाही दाखला घ्यावा लागतो. कॅनडा या करारात उशिरा आला, ११ जानेवारी २०२४ पासून. जे देश या करारात नाहीत तिथे राहणाऱ्यांना वकिलातीचाच रस्ता उरतो. कोणत्या पासपोर्टाला कोणता रस्ता, हे त्या त्या वकिलातीत आधी विचारून घ्यावे.

क्रम असा ठेवावा. मसुदा इथल्या वकिलाकडून लिहून घ्यावा. तो तिकडे छापून घ्यावा, पण नोटरीसमोर जाईपर्यंत त्यावर सही करू नये. दोन साक्षीदार, फोटो आणि पासपोर्टाचा तपशील तयार ठेवावा. नोटरीसमोर प्रत्यक्ष बसून शाईने सही करावी. मग अपोस्टिल घ्यावे आणि मूळ कागद कुरिअरने पाठवावा. कागद महाराष्ट्रात पोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरलेच पाहिजे, असे महाराष्ट्र मुद्रांक कायद्याचे कलम १८ सांगते. पुष्कळ घरांत कागद येतो आणि ट्रंकेत पडून राहतो. वर्षाने काढला की दंडाची भाषा सुरू होते.

आपल्या उदाहरणात गंमत पाहा. यंत्राने ज्याला नाकारले तो धाकटा वकिलातीत गेला आणि त्याचा कागद साताऱ्यात चालला. यंत्राने जिचे झटपट काम केले त्या थोरलीला मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. कागद सोपा कुठे होतो, यापेक्षा तो कुठे दाखल करायचा आहे हा प्रश्न आधी विचारावा.

शिष्यवृत्तीवर जाणाऱ्या मुलामुलींना आमचे आग्रहाचे सांगणे आहे : विमानात बसण्यापूर्वीच, इथे असताना, दुय्यम निबंधकासमोर जाऊन आईवडिलांच्या नावे आवश्यक तेवढ्या कामाचे मुखत्यारपत्र करून ठेवा. पुढची सारी यातायात वाचेल.

ऑनलाईन नोटरी कामाची कुठे?

ती निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. अमेरिकेचा पासपोर्ट घेऊन निवृत्तीनंतर नागपुरात किंवा औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) येऊन राहिलेली आपली माणसे आहेत. भारतात त्यांचा पासपोर्ट परदेशी. त्यांना तिकडचे घर विकायचे असेल, तिकडच्या बँकेचा कागद भरायचा असेल, तर हीच सोय मोठी उपयोगी पडते. त्यांच्या नावावर तिकडच्या नोंदी असतात, त्यामुळे प्रश्नांची उत्तरे देता येतात. मात्र काही राज्यांत अट आहे. सही करणारा अमेरिकेबाहेर असेल तर कागद अमेरिकेतल्या मालमत्तेशी, तिथल्या सरकारी वा न्यायालयीन कामाशी किंवा व्यवहाराशी संबंधित हवा. ज्या बँकेला किंवा कचेरीला कागद द्यायचा तिचा होकारही आधी घ्यावा. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत नोटरीची सोय आहे. तिथे प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर पडतात. म्हणजे अमेरिकेचा कागद अमेरिकेच्या रीतीने आणि गावचा कागद गावच्या रीतीने, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम होते.

नावांचा घोळ

आपल्या समाजात हा घोळ जास्त आहे आणि त्याला कारण आहे. जात सांगणारी आडनावे अनेकांनी टाकली. वडिलांच्या सातबाऱ्यावर एक आडनाव, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे, मुलीच्या परदेशी पासपोर्टावर सासरचे तिसरे. आडनाव बदलण्यामागे स्वाभिमान होता, त्याबद्दल कुणी खंत करू नये. पण कचेरीतल्या कारकुनाला तो इतिहास माहीत नसतो. म्हणून मुखत्यारपत्रातच ही सारी नावे एकाच व्यक्तीची असल्याचे लिहावे आणि राजपत्रातली नोंद, लग्नाचा दाखला सोबत जोडावा. परदेशी नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. तेव्हा जुन्या भारतीय पासपोर्टाचा क्रमांक घालून स्वतःला भारतीय नागरिक म्हणवून घेऊ नये. कागद तिथेच खोटा पडतो. नागरिकत्व गेले म्हणून वारसा जात नाही, हेही सांगितले पाहिजे. परदेशी नागरिक झालेल्या मुलाला इथली शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलांची जमीन वारशाने त्याच्याकडे येते.

जमीन वतनाची असेल तर

आता खऱ्या जोखमीकडे येतो. महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या आपल्या अनेक कुटुंबांना त्या जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विकता येत नाहीत. शहरे वाढली, रस्ते आले, भाव चढले. आता या जमिनींभोवती दलाल फिरतात. विक्रीला परवानगी लागते म्हणून ते विक्रीची भाषा करीत नाहीत, मुखत्यारपत्राची करतात. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचे प्रकरण गाजले, त्यातही मुखत्यारपत्राचा विषय निघाला होताच.

परदेशातला वारस दलालाला सोयीचा असतो. तो गावी येत नाही, सातबारा पाहत नाही, कामाच्या गडबडीत असतो. त्याला मजकूर पाठवला जातो, "फक्त वारसनोंदीसाठी आहे" असे सांगितले जाते, आणि आत विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, पैसे घेण्याचा अधिकार लिहिलेला असतो. वारसनोंदीसाठी असले अधिकार देण्याचे काही कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की नुसत्या मुखत्यारपत्राने जमिनीची मालकी बदलत नाही. पण मालकी बदलली नाही हे सिद्ध करायला कोर्टात वर्षे जातात. तोवर जमिनीवर भिंत उभी राहिलेली असते.

म्हणून मुखत्यारपत्र कामापुरतेच द्यावे. कोणते काम, कोणता गट क्रमांक, किती मुदत हे त्यात लिहावे. विकण्याचा अधिकार द्यायचा नसेल तर तसे शब्दांत लिहावे. आणि लिहून देणारा मरण पावला की सर्वसाधारणपणे मुखत्यारपत्र संपते. मेलेल्या माणसाच्या मुखत्यारपत्रावर व्यवहार करणारे महाभाग आपल्याही समाजात आहेत, त्यांनी हे वाचावे.

बहिणीची सही, भावाची सही

आपल्या घरांत अजूनही एक रीत टिकून आहे. वडील गेले की बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचे. बौद्धांना १९५६ चा वारसा कायदा लागू आहे, आणि वडिलांच्या मागे मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी रात्रंदिवस श्रम घेतले आणि जे अडवले गेले म्हणून, इतर कारणांबरोबर, १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले, त्याच्या मुळाशी हाच न्याय होता. त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा आणि त्याच भिंतीखाली बसून बहिणीला "एक सही कर, घरबसल्या होते" म्हणायचे, हे जयभीम म्हणणाऱ्याला शोभत नाही. बहिणीला आपला हिस्सा भावाला द्यायचा असेल तर तो तिचा अधिकार आहे. पण तिने मजकूर वाचून, समजून, आपल्या वकिलाला विचारून द्यावा. हक्कसोडपत्र नोंदवावेच लागते. नुसत्या वारसनोंदीसाठी त्याची गरज नसते, हेही तिला सांगितले जावे.

दुसरी वाईट सवय खोट्या सहीची. "भाऊ अमेरिकेत आहे, कधी येणार? आपणच करून टाकू त्याची सही." हे प्रेमापोटी केले तरी कायद्याने बनावट दस्तच ठरतो. पंचशील रोज म्हणणाऱ्याने न दिलेले घेऊ नये आणि खोटे बोलू नये, हे वेगळे सांगायला हवे काय? असा एक कागद पुढे साऱ्या कुटुंबाचा हक्क वादात ओढतो.

१९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला शिकायला गेले ते बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर, परत आल्यावर दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. आपल्या समाजातला परदेशी गेलेला तो तरुण कागदाचे मोल जाणून होता. त्याने पुढे साऱ्या देशाचा कागद लिहिला. त्याच वाटेने परदेशी गेलेल्या मुलामुलींनी, आणि गावी राहिलेल्या त्यांच्या भावाबहिणींनी, एवढे तरी करावे. कागद ज्या कचेरीत द्यायचा तिथे आधी विचारा. मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि अंगठा लावणाऱ्या आजोबांना जे विचारता आले नाही ते सही करण्यापूर्वी विचारा : यात मी नेमके काय देऊन बसतो आहे?

जयभीम.